घाफच्या झाडांमागची वाट

६ डिसेंबर, शनि.
मिलिंदचं लायसन रिन्यू झालं नाही. आय टेस्टला अडकलं, म्हणून डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय, डावीकडचं जास्त. गेलेलं परत येत नाही म्हणे. ड्रायव्हिंग खलास. लिफ्टमध्ये त्याने गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. 

संध्याकाळी शनिवारवाल्यांचा मेसेज. हिवाळा लागला की हे सगळे मित्र गाड्या घेऊन दुबईबाहेर वाळूत जातात, मि. कायम पुढच्या गाडीत. त्याने लिहिलं, ओवीची परीक्षा आहे, जमणार नाही.
ओवी म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम."
तो टीव्ही बघत राहिला. टीव्ही म्यूटवर होता.

१३ डिसें., शनि.
मी म्हटलं, मी चालवते.
"तू? डिस्कव्हरी गार्डन्स ते जबल अली ऑफिस, तेवढंच चालवतेस तू."
पण बूट घालून आधी दारात तोच. लहबाबच्या वाळूत जत्रा. टूरवाल्यांच्या जीपा, क्वाड बाइक, चहाच्या गाड्या. पांढरी मोठी गाडी दिसली की मि. मान खाली घालायचा, शनिवारवाल्या शिरीषची असेल म्हणून. न उतरताच परत.

१५ डिसें.
जेवण झालं की मि. फोन नाकाशी धरून सॅटेलाइट नकाशा बघतो. कुणीच जात नाही अशी वाट हवी आहे त्याला. डोळ्यांना ताण नको, म्हणणार होते. नाही म्हणवलं.

२१ डिसें., रवि.
जबल जैस. बर्फ पडेल अशी आवई उठली होती, ओवीला त्यावरून गाडी न्यायची होती. अख्खी दुबई तिथेच. अर्ध्या डोंगरापासून गाड्यांची रांग. बर्फ कुठला! "इट्स जस्ट कोल्ड, आई." थर्मासमधला चहा पिऊन उलटे फिरलो.

२७ डिसें., शनि.
सापडली. मदामच्या पुढे, घाफची झाडं आहेत त्यांच्या मागून. एकही गाडी नाही. मि.ने गुडघ्यावर बसून वाळूसाठी चारही टायरांतली हवा कमी केली. हात झरझर चालत होते. बऱ्याच दिवसांनी त्याला असं बघितलं.
"ब्रेक मारू नकोस. स्टिअरिंग आवळू नकोस. वाळू नेईल तशी जा."
गेले. खरंच गेले.
मग तो म्हणाला, "डावीकडून घे, मोकळं आहे."
डावीकडे उंटाचं पिल्लू उभं होतं. मी ब्रेक दाबला, चाकं रुतली. पिल्लू शांतपणे आमच्याकडे बघत राहिलं.
मि.ने मान पूर्ण वळवून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मेधा, मला दिसलंच नाही ते."
इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांबद्दल बोलला. मी त्याचा हात धरून बसले. ओवी मागून पुढे वाकली आणि तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.
मग तिघांनी वाळू उपसली. फोनला रेंज नव्हती. गाडी निघाली नसती तर... एकट्या गाडीने जायचं नाही हा त्याचाच नियम.

४ जाने., रवि.
परत तिथेच. कडेकडेनेच, रेंज सुटू दिली नाही. डावीकडचं मी आणि ओवी बघतो, चढ कसा घ्यायचा ते तो सांगतो. एकदा माझ्यावर ओरडला. बरं वाटलं.

७ जाने.
शिरीषचा फोन. मी कणीक मळत होते, मि.ने स्पीकरवर घेतला.
"काय रे, गायबच झालास. परीक्षा किती दिवस चालते पोरीची?"
मि.ने माझ्याकडे बघितलं. "गाडी आता मेधा चालवते," म्हणाला.
"का रे?"
मि.ने स्पीकर बंद केला, बाल्कनीत गेला, काच ओढून घेतली. पाठमोरा उभा. एकदा हात डोळ्यांकडे गेला. सांगत होता की पुसत होता, कळलं नाही.
आत येऊन ओट्याला टेकला.
"शनिवारी मागे एक गाडी आली तर चालेल तुला?"
"मला का विचारतोस?"
"तू चालवतेस ना."
"चालेल. जागा सांगितलीस त्याला?"
"अजून नाही," म्हणाला, आणि परातीतली कणीक उगाच बोटाने दाबत राहिला.