पिवळ्या टाकीतली हवा

१३ जानेवारी २००३
पोचले. पेठहून सकाळच्या एसटीनं निघाले आणि जेवणाच्या वेळेला ट्रंक घेऊन सिडकोत लंकाबाईंच्या दारात उभी राहिले. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे आणि खिडकीखाली त्यांची शेवंती फुलली आहे. त्यांनी आधी भाकरी आणि वालाची उसळ वाढली, मग भाडं सांगितलं. एवढं बी.एस्सी. होऊन लोखंडाच्या टाक्यांत डोकावायला आलीस होय, असं विचारून त्या खूप हसल्या. मीही हसले.

नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथे श्वासाची हवा टाक्यांमध्ये दाबून भरतात. पाणबुडे, आग विझवणारे, विहिरीत उतरणारे लोक त्या टाक्या पाठीला बांधतात. टाकी भरण्याआधी ती आतून पाहायची, हे माझं काम. मला ते आवडेल असं वाटतं. बाबांची नोकरी जंगलात, तिथे शाळा नव्हती, त्यामुळे चौथीपर्यंत आईनंच मला ओट्यावर बसवून शिकवलं. स्वतः पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही, असा तिचा नियम होता. तो मोडला की मला अजूनही रात्री झोप लागत नाही.

२२ जानेवारी
हात बसला. टाकीचा व्हॉल्व्ह काढायचा, तारेच्या टोकाचा हरभऱ्याएवढा बल्ब आत सोडायचा आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसल्या आरशानं चारी बाजू पाहायच्या. चांगली टाकी आतून राखाडी, कोरडी दिसते. गंज असला तर तो कुठे आहे, पूड आहे की खड्डा, हे पाहायचं. मी प्रत्येक टाकी दोनदा पाहते. मालक झुंबरशेठ म्हणतात की मॅडम टाकी बघत नाहीत, तिची पत्रिका बघतात.

भरण्याचं काम रंगनाथकाकांकडे आहे. त्यांचा मुलगा समाधान पाणबुड्या आहे. तो आणि कोंडाजी म्हणून त्याचा जोडीदार धरणाच्या दारांची कामं करतात आणि कुणी बुडालं की तेही काढतात. त्याबद्दल ते विहिरीत पडलेली बादली काढल्यासारखं बोलतात. काल समाधाननं विचारलं की ताई, आमच्या आत बल्ब सोडला तर काय दिसेल. कोंडाजी म्हणाले की तुझ्यात नुसता तंबाखू दिसेल.

१० फेब्रुवारी
पावसाळ्यात सिंहस्थ आहे. घाटांवर पाणबुडे लागतील म्हणून शेठनं नव्या टाक्या मागवल्या होत्या, त्या आज आल्या. पिवळ्याधमक, पोलादी. व्हॉल्व्ह वेगळ्या खोक्यात आहेत. मी बल्ब काढला तर शेठ हसायला लागले.

नव्या टाक्याही भरण्याआधी आतून पाहायच्या असतात. कारखान्यात त्या पाण्यानं धुतात, कधी ओल राहते, कधी तेल, कधी पॅकिंगचा कचरा. मी हे सगळं सांगितलं. शेठनं टाकीवरचा शिक्का बोटानं वाजवून दाखवला.

"नव्या नवरीचे दात मोजतेस का? उद्या पूजा, मग लगेच भरायच्या."

पूजेआधी पाहीन म्हटलं. बघ म्हणाले. मनानं वाईट नाहीत.

११ फेब्रुवारी
आज सकाळीच मी बाजूला बसले. तिथे कुणी विचारणार नव्हतं, पण मला तर ठाऊक होतं. पूजेच्या वस्तूंना हात लावणं जमलं नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं आणि ते दुखतही होतं. ऑफिसात बसून राहिले. उदबत्तीचा वास आला, नारळ फुटल्याचा आवाज आला, नंतर पेढा आला.

१४ फेब्रुवारी
आज आत गेले. व्हॉल्व्ह बसवून टाक्या भरून झालेल्या होत्या. आता पाहायचं म्हणजे सगळी हवा सोडून पुन्हा भरायला हवी. शेठ म्हणाले, वीज काय तुझ्या पेठहून येते? 'तपासले' अशा चिठ्ठ्या चिकटवायला मला दिल्या.

मी चिकटवल्या. टाक्या नव्याच तर आहेत.

६ मार्च
पिवळ्या टाक्या मागच्या खोलीत भिंतीशी ओळीनं उभ्या आहेत. आज सहज एकीला दाबमापक लावून पाहिला. काटा भरल्या दिवसापेक्षा खाली होता. व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. बाकीच्यांचीही तीच गत. रंगनाथकाका म्हणाले की थंडीनं हवा आकसते. पण थंडी तर केव्हाच सरली.

२१ मार्च
काटा आणखी खाली गेला आहे. गळती कुठेच नाही. हवा बाहेर येत नाही, तरी आत कमी होते आहे.

दुपारी एका टाकीला कान लावून बसले. काहीच ऐकू आलं नाही. तरी उठताना वाटलं की आतल्यानंही आत्ता श्वास रोखला होता. लंकाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, चार दिवस आईकडे जाऊन ये.

३ एप्रिल
कोंडाजी गेले.

धरणाच्या दारात ओंडका अडकला होता, तो काढायला उतरले होते. त्यांच्या जुन्या टाकीची मुदत संपली होती म्हणून शेठनं पिवळी दिली. वर समाधान दोर धरून होता. तो सांगत होता की दोराला झटका नाही, धडपड नाही, काहीच नाही. बराच वेळ काही नाही म्हणून ओढलं. चेहरा शांत होता. टाकीत हवा भरपूर शिल्लक होती. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले, आणि पाण्यानं नेलं असं बाकी सगळे.

त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांची बायको माझ्याकडे पाहत होती, मी तिच्या पायाशी पडलेल्या चपलांकडे. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे मांडीवर पडून होते.

१६ एप्रिल
कोंडाजींची टाकी परत आली. तिच्यात उरलेली हवा तिकडेच कुणीतरी सोडून दिली होती. मी व्हॉल्व्ह काढून बल्ब आत सोडला.

आत सगळं लाल होतं, घसा सुजल्यासारखं. तळाला ओला गाळ होता, आणि गाळात काळं पडलेलं तुळशीचं पान.

रंगनाथकाकांना पान दाखवलं. ते जराही दचकले नाहीत. पूजेच्या दिवशी त्यांनी प्रत्येक टाकीत रामकुंडाचं तीर्थ घातलं होतं. त्यांचे वडीलही नवा डोंगा पाण्यात लोटायच्या आधी त्यात नदीचं पाणी शिंपडायचे.

"पाणी पाण्याला वळखतं, ताई. आपलं मानूस हाय म्हनून सोडतं. समाधानच्या टाकीत तर म्या पळीभर जास्तच घातलं."

मी त्यांना आईचा प्रयोग सांगितला. ओला लोखंडी कीस पेल्याला चिकटवून पेला पाण्यात उपडा ठेवायचा. काही दिवसांनी पाणी पेल्यात वर चढतं, कारण लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. उरते ती हवाच, तिला वास नसतो, ठसका नसतो, पण तिनं माणूस जगत नाही आणि आपण मरतो आहोत हे त्याला कळतही नाही. तेच ह्या टाक्यांत झालं आहे, म्हणून काटा खाली येतो आहे.

काका ऐकत होते. मग म्हणाले की रामकुंडाचं पाणी कुणाला बाधलेलं त्यांनी आजवर ऐकलं नाही. तोंड फिरवून कामाला लागले.

१७ एप्रिल
शेठना सांगितलं. प्राणवायू मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, मुंबईहून मागवावं लागेल. म्हणून त्यांच्यासमोर ओळीतल्या शेवटच्या पिवळ्या टाकीतली थोडी हवा बरणीत धरली आणि पेटती मेणबत्ती आत सोडली. ज्योत पटकन बसली. शेठना घाम फुटलेला मी पाहिला. पण ते म्हणाले की समाधाननं काल टाकी लावून दोन-चार श्वास घेतले, फर्स्टक्लास आहे म्हणाला.

"मेणबत्ती विझली म्हणून माणूस विझतो का? माणसाचं दाखव मला. जीप काढून मी स्वतः जातो काम थांबवायला."

१८ एप्रिल
मेणबत्तीसाठी उघडलेली ती एक सोडून बाकीच्या सगळ्या पिवळ्या टाक्या धरणावर गेल्या. कोंडाजींचं अर्धं राहिलेलं काम समाधान उद्या दुपारी पुरं करणार. सकाळी तो टाक्या न्यायला आला होता. त्याला विनवलं, ह्या टाक्या नको नेऊ. म्हणाला, ताई, शेठच्या शब्दाशिवाय मी थांबलो तर उद्या दोर दुसऱ्याच्या हातात. शिवाय बाबांनी पूजा केलेली टाकी आहे.

काकांशी पुन्हा बोलले. ते नळ्या पुसत राहिले.

मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. जेवले, ताट घासलं, वेणी घातली.

१९ एप्रिल, शनिवार
आज वीज बंद, कारखान्याला सुट्टी. किल्ली माझ्याकडे असते. दुपारी बाराला शेठ जनरेटर पाहायला येणार आहेत. त्यांना लेखी पुरावा मिळाला तर धरणावर वेळेत पोचता येईल.

म्हणून मागे राहिलेल्या पिवळ्या टाकीतली हवा मीच घेणार. पाहिलं तेवढंच लिहीन. तोंडात धरायच्या नेहमीच्या नळीनं नाकातून बाहेरची हवा येते आणि तपासणी खोटी ठरते. समाधाननं घेतली तेव्हा तेच झालं असेल. म्हणून पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लावला आहे. मागचे पट्टे आवळले आहेत. चक्कर आली की काढायचा. दार उघडं ठेवलं आहे.

व्हॉल्व्ह उघडला.

हवा गार आहे. वास नाही.

ठसका नाही. नाडी जलद. ही पहिली खूण असावी. लिहिलं.

बोटांना मुंग्या. ओठांना पण. नखं निळसर दिसतात — खिडकीच्या उजेडामुळेही असेल. उजेडात धरून पुन्हा पाहिली — निळीच.

आता मुखवटा काढायचा असं ठरलं होतं. पण एवढ्यावर शेठ म्हणतील, मुंग्या तर बसून बसूनही येतात. अजून थोडं.

बरं वाटतं आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. छातीवरचं उतरलं.

समोर स्टुलावर कोंडाजी बसले आहेत. ओले नाहीत. मी विचारलं त्रास झाला का. नाही म्हणाले. काहीच नाही —

त्यांना विचारलं हवा कशी. मान डोलावतात. टाकी पण — आत घेते, सोडते — आम्ही तिघं बरोबर

पट्टे काढायचे होते. का ते

काही होत नाही. मी उगाच — शेठचं बरोबर. काकांचंही. नव्या टाकीत काय असणार

शेठ येतील तेव्हा हे दाखवायचं. काम थांबवायला नको. समाधानला सांगा ताईनं स्वतः घेऊन पाहिली

तपासले. हवा चांगली आ