मेंढरं मागून येतायत

आष्टी,
दसरा होऊन नववा दिवस

चिरंजीव सिदू यास,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सुग्रीव दाजीचा, रामराम. तू रागात असलास तरी आशीर्वाद घ्यायला हरकत नाही, ते फुकट आहेत. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी, छबुबाईची आणि मेंढरांची तब्येत कशी आहे ते कळव. (मेंढरांचं आधी विचारायला हवं होतं, चुकलं.) पावसाळ्यात तुझा गुडघा धरतो, तो आता सुटला असेल असं धरून चालतो, कारण पुढं चालण्याचंच काम आहे. तुला फोन लावून लावून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला. तू काही उचलत नाहीस, म्हणून शेवटी हा कागद. बाजाराला तू गहिनीनाथच्या दुकानात तंबाखू घ्यायला येतोसच. हे पत्र दिल्याशिवाय तंबाखू द्यायची नाही, असं त्याला बजावून ठेवलंय.

आधी मागची गोष्ट. गेल्या दिवाळीत पुरणपोळीच्या ताटावर मी तुला म्हणालो, की आता मेंढरं वीक आणि माणसात ये. तू अर्धी पोळी टाकून उठलास. बरोबर केलंस. माझी स्वतःची मेंढरं विकून अकरा वर्षं झाली, पोरगा नोकरीला लागला, पक्कं घर झालं, आणि मला शहाणपण वाटत फिरायची खोड लागली. ते शब्द मी मागं घेतो. (हे तुझ्या बहिणीला सांगू नकोस. तिच्यासमोर मी अजून माझं म्हणणं सोडलेलं नाही.)

आता मूळ हकीकत. दसऱ्याला परमेश्वर आणि सूनबाई उज्ज्वला पुण्याहून आले, ती दिवाळीपर्यंत इथंच आहे. परमेश्वरनं नवी गाडी घेतली म्हणून जुनी पांढरी गाडी आमच्या दारात ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्यानंच मला चालवायला शिकवलं, लायसन पक्कं आहे. उज्ज्वला म्हणाली, मामंजी, आत्याबाईंना कुठं तरी फिरवून आणा, लोक महाबळेश्वरला जातात. तुझ्या बहिणीनं विचारलं, तिथं चारा कसा असतो? मग बोलता बोलता ठरलं, की आपली जुनी वाट धरायची. आष्टी, पाटोदा, मांजरसुंबा, केज आणि धारूरचा डोंगर. लग्नानंतर वीस वर्षं दर साली दिवाळीच्या अंगाला आपण मेंढरं घेऊन ज्या वाटेनं जायचो, तीच. अकरा मुक्कामांची वाट. मी सहा दिवसांचे कपडे घेतले. तुझ्या बहिणीनं भाकरीचं पीठ, तवा, तीन दगड (मी म्हटलं, धारूरला दगड मिळतात, तर म्हणाली, मिळतात, पण सपाट मिळत नाहीत) आणि घोंगडी घेतली. गाडीची मागची बाजू पाहून परमेश्वरला वाटलं आम्ही घर सोडून चाललो.

निघालो आणि पहिलं भांडण बसण्यावरून. तुला माहीत आहे, घोडीवर बिऱ्हाड लादून बाया पुढं जायच्या आणि गडी मेंढरांबरोबर मागून यायचे. मुक्काम कुठं टाकायचा ते बाईनं ठरवायचं. तुझी बहीण पुढच्या सीटवर बसली आणि तिचा हुकूम सुरू झाला. आष्टीपासून जरा पुढं गेलो तोच म्हणाली, थांबा, इथं आपला पहिला मुक्काम. मी थांबलो. तिनं उतरून बाभळ पाहिली, ओढ्याला पाणी आहे की नाही ते पाहिलं, जमीन पायानं दाबली, आणि परत येऊन बसली. पुन्हा थोडं गेलो की दुसरा मुक्काम. सिदू, आपण सूर्य मावळेपर्यंत जेवढं चालायचो तेवढं ही गाडी एक विडा चघळून होईतो जाते. पाटोद्याच्या पुढचं ते पिवळं माळरान, जिथं तू लहानपणी लांडग्याला भिऊन माझ्या घोंगडीत शिरला होतास, ते माळ कधी आलं आणि कधी गेलं ते समजलंसुद्धा नाही. मी गाडी मागं घेऊन पुन्हा एकदा त्यावरून नेली. तरी समाधान होईना, म्हणून उतरून चाललो. गवत कमरेला लागत होतं, कुसळं धोतरभर चिकटली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. वारा आला की सगळं माळ एका अंगाला झुकायचं. मला तिथं फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. खरं तेच लिहितो.

मांजरसुंब्याच्या घाटात पुढं गाड्यांची रांग लागली. एकीकडं ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर, संसार भरलेले, वर पोरं आणि कोंबड्या, आणि मधोमध कुणाची तरी मेंढरं. मागचे लोक भोंगे वाजवायला लागले. मला राहवलं नाही. उतरलो, मागच्या दोघा-तिघांना चांगलं झापलं, मेंढरांत शिरलो, तोंडानं शीळ घातली आणि पाचेक मिनिटांत कळप कडेला घेतला. वर त्या मेंढक्याला सांगितलं, की तुझी ती काळ्या तोंडाची मेंढी मागच्या उजव्या पायानं लंगडते, खूर बघ. त्यानं माझ्या चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बघतो सायब. तुमची गाडी तेवढी बाजूला घ्या, वाट तुंबलीया.’’

मला साहेब म्हणाला! तुझी बहीण केजपर्यंत हसत होती. वाटेत थांबून रबडी खाल्ली तेव्हासुद्धा वाटी धरून हसत होती. मी काही हसलो नाही.

अकरा मुक्कामांची वाट अशी दुपारची भाकरी खायच्या आत संपली आणि आम्ही धारूरच्या डोंगरात कडूबाईच्या शेतावर पोचलो. कडूबाई तुला आठवेल. तिच्या बांधावरच्या लिंबाखाली आपला परमेश्वर जन्मला, तिनंच पाचवी पूजली, आणि बाळंतीण उठेपर्यंत आपला मेंढरांचा वाडा तिनं हलू दिला नाही. दर साली तिच्या रानात आपली मेंढरं बसायची, लेंडीखत पडायचं आणि तिची ज्वारी पुरुषभर वाढायची. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांनी दिसत नाही. ओसरीवर सीताफळं चाचपत बसली होती. तुझ्या बहिणीनं नुसतं ‘‘आक्का’’ म्हटलं, तर म्हातारी आवाज ओळखून म्हणते, ‘‘साखरा का गं? लई उशीर केलास बाई औंदा.’’

औंदा! अकरा वर्षं झाली, सिदू. तुझी बहीण तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि मग कडूबाईनं विचारलं, ‘‘मेंढरं कुठं हायत?’’

आता इथं खरं सांगायला काय झालं होतं? विकली म्हणायचं, संपलं. पण तुझी बहीण बोलून बसली, ‘‘मेंढरं मागून येत्यात.’’ म्हातारीचा चेहरा असा उजळला की पुढं कुणालाच काही दुरुस्त करता येईना. तिचा मुलगा राधाकिशन लगेच उठला. गव्हासाठी ठेवलेला दीड एकराचा तुकडा दाखवून म्हणाला, यात खताची गोणी टाकत नाही, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तसाच ठेवतो, तेवढ्यात आणा. कडूबाई म्हणाली, ‘‘एकदा रानात मेंढरांचा गलका ऐकू द्या, मंग माझं काय बी होऊ द्या.’’ मी मान डोलावली. (आंधळ्या माणसापुढं मान डोलावून काय उपयोग, म्हणून तोंडानंही ‘हो’ म्हणालो.) येताना दोन टोपल्या सीताफळं दिली. एकही खाल्लं नाही. सगळी आळीत वाटली.

असो. बाकी इकडे ठीक. छबुबाईला नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि तुझ्या कुत्र्यांनाही माझी आठवण असेल तर सांग.

तुझा (चुकलेला, पण दाजीच),
सुग्रीव

ता. क. : काम तुझ्या लक्षात आलंच असेल. मला तुझी मेंढरं पाडव्याच्या आत धारूरला हवी आहेत. ज्याला मी माणसात ये म्हणालो, त्याच्याकडंच मागतोय. तुला काय बोलायचं ते बोल, पण वाटेत बोल.

आणखी एक : वाटेत म्हणजे मीही येणार आहे. पायी. गाडी दारात राहील.

शेवटचा मजकूर मी, तुजी बहीण, सांगते आन उज्ज्वला लिहिती. तुजे दाजी पाकीट आणायला गेलेत, तवर उरकते. सिदू, त्येंनी लिवलेलं उज्ज्वलानं मला वाचून दावलं. मी रडले न्हाई, तेच रडले, लिंबाला हात लावून. आन ‘‘मेंढरं मागून येत्यात’’ हे बी मी बोलले न्हाई, तेच बोलले. मी गप ऱ्हायले. कावून तर, ते बोलले आन मी खरंच मागं वळून बगितलं रं. वाटंवर कायबी नव्हतं.

तवा तू ये. मला आता लई चालवत न्हाई, घोडी तेवढी गरीब बगून आण.