लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

आदिलाबाद

चि. जान्हवी हिला अनंतकाकाचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे? (रीत म्हणून विचारत नाही, खरोखरच कळव.) इकडे कुमुदिनीकाकूची साखर आणि माझी झोप सोडली तर सगळं ठीक आहे.

झोप तुझ्या पत्राने उडाली. गोदावरी समुद्राला मिळते तिथं म्हणे तुमची मंडळी प्लास्टिक वेचते, त्यावरचं नाव-गाव टिपून घेते, आणि त्या प्लास्टिकने समुद्राच्या हक्कांचं व त्याचे कण उतरलेल्या माणसांच्या रक्ताचं काय झालं याचा अहवाल सरकारला देणार. समुद्राला हक्क असतो हे वाचून मी चक्रावलोच. तहसील कचेरीत तीस वर्षं पहाणी, म्हणजे जमिनीचे उतारे, लिहिली, पण कब्जेदाराच्या रकान्यात पाण्याचं नाव कधी आलं नाही. ते असो. बासरला देवीपुढे ठेवलेली नवसाची चिठ्ठी गोदावरीत सोडायची, ही आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. कागद भिजतो, शाई पसरते, मग देवीने वाचायचं काय? म्हणून मी चिठ्ठी लॅमिनेशन करून सोडली. नाव, गोत्र, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं ठळक. (अर्धवट पत्ता लिहिणं आमच्या हातून होत नाही.)

धरणात अडकली असेल अशी मनाची समजूत घातली, पण पावसाळ्यात दरवाजे उघडले होते. शेवटी परवा बसने बासर गाठलं आणि पँट दुमडून घाटाच्या पाण्यात काठी फिरवू लागलो. चंपतराव नावाडी म्हणाला, "काका, मागच्या सालची चिठ्ठी आज काऊन शोधून राह्यले? देवीनं वापस केली का?" उत्तर द्यायला वळलो तो पायरीवरून घसरलो आणि कमरेपर्यंत भिजलो. चिठ्ठी काही मिळाली नाही.

तेव्हा तुला सापडलीच, तर माझं नाव अहवालात घालू नकोस. पुतणीच्या कागदात काकाच आरोपी, हे पाहुण्यारावळ्यांत बरं दिसणार नाही.

तुझा,
अनंतकाका

ता.क. चिठ्ठीत एवढंच होतं : 'जान्हवीची प्रकृती उत्तम राहो.' ते प्लास्टिक माशांच्या पोटात जातं म्हणे, आणि तू तिकडे मासे खातेस (काकूला सांगितलेलं नाही). तुम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं असं लिहिलंस, पण तुझं काय निघालं ते लिहिलं नाहीस. फार भीती वाटते गं. हवं तर नाव घाल, पण रक्ताचं आधी कळव.

आणखी एक ता.क., काकूकडून : चिठ्ठी एक नाही, सात आहेत. तू तिकडे गेल्यापासून दर वसंतपंचमीला एक. तुमच्या मोजणीत चूक नको, म्हणून लिहिलं.