खोली नंबर पाचचा चहा

॥ श्री ॥

डमडम, कलकत्ता
१२ जानेवारी १९७४

ती. गं. भा. अक्का हिच्या चरणी,
चारुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचं पाकीट पोचलं. टपालखात्यानं हलव्याचा चुरा केला होता, तोही मी चमच्यानं खाल्ला. अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, माणूस साठीला आला की अक्षरही पसरतं. मीनाक्षीची तब्येत तशीच आहे. डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून सांगितलंय आणि आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे ती आठ-आठ दिवस खाली उतरतच नाही. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण थकवा काही निवृत्त व्हायला तयार नाही.

बेहालाला इथल्या मराठी मंडळींनी म्हाताऱ्या माणसांसाठी ‘आश्रय’ नावाचं घर बांधलं, ते दसऱ्याला सुरू झालं. त्याचा नकाशा माझा. जन्मभर सरकारी कचेऱ्या आणि क्वार्टर बांधली, म्हटलं एक तरी घर मन लावून बांधावं. कुठेही पायरी ठेवली नाही. न्हाणीघरात धरायला दांडे लावले. खिडक्या इतक्या खाली घेतल्या की बिछान्यात पडल्या पडल्या समोरचं तळं दिसतं. स्वयंपाक एका ठिकाणी, चहा सातला आणि चारला. आगीच्या भीतीनं खोल्यांत स्टोव्हला मनाई केली, तो नियमही माझाच.

आठ माणसं राहायला आली आहेत. कुणाची मुलं बदलीवर गेली, कुणाला मुलंच नाहीत. सगळं जिथल्या तिथे आहे, पण अक्का, ते घर वाटत नाही. माणसं खाटेच्या कडेवर बसलेली असतात, गाडी यायची आहे अशी. शिवाय पहिल्या महिन्यात भेटायला नातेवाईक यायचे, ते आता कुणी येत नाही. आमचे अध्यक्ष मुकुंदराव म्हणतात, मंडळी रुळली याचंच ते लक्षण. मला पटत नाही आणि कारणही सापडत नाही.

श्यामकांतच्या बदलीचं काही कळलं का? सहज विचारतो.

तुझी माया आजवर पुरली, पुढेही पुरू दे.

तुझा
चारू

॥ श्री ॥

नागपूर
२८ जानेवारी १९७४

चि. चारूस, कालिंदीचे अ. उ. आ.

तुझं सहज मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी असाच सहज स्वयंपाकघरात यायचास आणि गुळाचा खडा नाहीसा व्हायचा.

श्यामकांतची बदली आसामात दिगबोईला झाली. जूनमध्ये निघायचं. क्वार्टर लहान आहे, मुलं मोठी झाली आहेत. तो मला काही बोलला नाही, सूनही बोलली नाही, पण गेले पंधरा दिवस दोघं माझ्याशी फार गोड वागतात, त्यावरून काय ते समजलं. पुतण्या असून त्यानं सतरा वर्षं सांभाळलं, त्याला बोल लावायचा नाही. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माझे गुडघे चढायचे नाहीत, हेही मला कळतं. तेव्हा त्या बेहालाच्या घरात माझ्यासाठी खोली धरून ठेवली असशील तर सरळ लिही. मी रागावणार नाही. रागवायला लागतं तेवढं बळ आता उरलेलं नाही.

पण ‘आश्रय’ हे नाव कुणी काढलं रे? बाविसाव्या वर्षी कुंकू गेलं, तेव्हापासून सेहेचाळीस वर्षं मी आश्रयातच आहे. आधी दिरांच्या, मग तुझ्या, मग श्यामकांतच्या. आता दारावर तशी पाटीच लावलीत.

पाहुणे का येत नाहीत ते तुमच्या अध्यक्षांना विचारू नकोस. तिथल्या बायकांना विचार की भेटायला कुणी आलं तर त्याच्या हातावर काय ठेवता.

मीनाक्षीला जप. तिला माझे आशीर्वाद आणि तुला, चोरा, तुझ्या वाट्याचे.

अक्का

॥ श्री ॥

डमडम, कलकत्ता
२० फेब्रुवारी १९७४

ती. गं. भा. अक्काच्या चरणी,
चारुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

होय, खोली धरून ठेवली आहे. नंबर पाच, पूर्वेच्या टोकाची. ऑक्टोबरपासून ती रिकामी ठेवायला सांगितली आहे आणि तुला लिहायचा धीर होत नव्हता. अकरा वर्षं तू आमच्या घरी राबलीस, आणि मी तुला बेहालाला ठेवणार, हे कुठल्या शब्दांत लिहायचं?

तू सांगितलंस तसं विचारलं. आधी कुणी दाद दिली नाही. शेवटी प्रेमलताबाई बोलल्या. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या, ताठ बाई. त्यांची भाची लीना बेहालातच राहते, दोन स्टॉपवर. पहिल्या रविवारी ती चिवडा करून घेऊन आली. तिला काय द्यावं म्हणून बाईंनी ट्रंक उपसली, आणि शेवटी सकाळच्या न्याहारीतलं अर्धं केळं दिलं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःचा चारचा चहा बशीखाली झाकून ठेवला. लीना यायला साडेपाच झाले. सायीचा पापुद्रा आलेला तो गार चहा ती छान आहे म्हणत प्यायली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला कार्ड टाकलं की बसला गर्दी असते, उगाच दमू नकोस, येत जाऊ नकोस.

बँकेतून निवृत्त झालेले रघुनाथराव आपल्या मित्रांना ट्रामडेपोजवळच्या चहाच्या टपरीवर भेटतात आणि तिथूनच वाटेला लावतात. फाटकाच्या आत त्यांनी कुणालाच आणलेलं नाही.

मी दाराची रुंदी मोजली, दांड्यांची उंची मोजली. या माणसांकडे कुणी येईल आणि त्यांना त्याचं काही करावंसं वाटेल, हे नकाशा काढताना एकदाही मनात आलं नाही. फार शरमल्यासारखं झालं. पण तुला नागपुरात बसून हे कसं कळलं?

आहे तसा लोभ या खुळ्या भावावर राहू दे.

चारू

॥ श्री ॥

नागपूर
६ मार्च १९७४

चि. चारूस, कालिंदीचे अ. उ. आ.

कसं कळलं म्हणतोस, तर सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही, आता काय जातंय.

तुम्ही भवानीपूरला राहत होतात तेव्हाची गोष्ट, एक्कावन्न सालची. माझी शाळेतली मैत्रीण शकुन गंगासागरला निघाली होती. तिनं कार्ड पाठवलं की वाटेत एक दिवस कलकत्त्याला थांबते, तुझ्याकडे येते. तेवीस वर्षांनी भेटणार होती. मी त्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या ट्रामस्टॉपवर जाऊन उभी राहिले, आणि ती उतरल्या उतरल्या तिला सांगितलं की घरात रंगाचं काम चाललंय, बसायला जागा नाही. एका बंद दुकानाच्या सावलीत आम्ही अर्धा तास उभ्या होतो. तिनं नागपूरची संत्री आणली होती. तिला मी पाणीसुद्धा दिलं नाही. संत्री घरी आणून म्हटलं, फेरीवाल्याकडून घेतली. तू चार खाल्लीस आणि म्हणालास की कलकत्त्यात एवढी गोड कधी मिळाली नव्हती.

पुढच्या वर्षी शकुन गेली.

तुझ्या घरात मला कुणी एका शब्दानं दुखावलं नाही. साखर रेशनची होती, डब्याला कुलूप असे, किल्ली मीनाक्षीच्या कमरेला. घर तिचं होतं, तिनं असंच करायला हवं होतं. मागितली असती तर तिनं वाटीभर दिली असती. पण मागायला लागणार, तेच मला जड जात होतं. सकाळपासून दहा जणांचा चहा मीच करायची, पण तो तुमच्या पाहुण्यांचा. अडुसष्ट वर्षांत मी कुणालाही माझ्याकडे ये असं म्हटलेलं नाही, चारू. म्हणायला माझ्याकडे असं काही नव्हतंच.

तुमची प्रेमलताबाई मला न बघता कळली. तुझ्या खिडक्या, दांडे चांगले आहेत, ते राहू देत. पण आलेल्याला बसवून घोटभर चहा करता येईल एवढं त्यांच्या हाती ठेव.

हे मीनाक्षीला वाचून दाखवू नकोस. तिचं हृदय नाजूक आहे.

दोघांना जुने-नवे सगळे आशीर्वाद.

अक्का

॥ श्री ॥

डमडम, कलकत्ता
२५ मार्च १९७४

ती. गं. भा. अक्काच्या चरणी,
चारुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर मीनाक्षीचं आहे हे तू ओळखलंच असशील. तुला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं, पण एक तारखेला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी आहे, महिनाभर वाचायचं नाही. त्यामुळे तुझं पत्र मला हिनंच वाचून दाखवलं. लपवाछपवी केली ती अशी अंगाशी आली.

ती सगळं एका दमात वाचत गेली. कुलपाशी आली तेव्हा थांबली, मग पुन्हा त्याच आवाजात वाचू लागली. तिला वाचून दाखवू नकोस हेही तिनं वाचलं. मग पत्राची घडी घालून आत गेली. मला आठवतात ती फक्त संत्री. किती सालं काढली, किती मिटक्या मारल्या, आणि तू समोर उभी होतीस.

समितीपुढे गेलो. पट्टी बांधलेल्या माणसाशी कुणी फार भांडत नाही, हा एक फायदा. दर दोन खोल्यांमागे व्हरांड्यात एक पक्का ओटा होणार आहे. उघड्यावर आहे, त्यामुळे आगीचं भय कमी. कमरेइतका उंच, म्हणजे वाकायला नको. त्यावर वातीचा स्टोव्ह आणि वर ज्याचं त्याचं फडताळ. पुढे दोन खुर्च्या जास्तीच्या, येणाऱ्यासाठी. मुकुंदराव म्हणाले की नियम मोडतो. मी म्हटलं, नियम माझाच होता, तो चुकला. सिमेंटचं परमिट मिळेपर्यंत जून उजाडेल. दमलो आहे, पण हे काम होईपर्यंत दमायचं नाही असं ठरवलंय.

तुझा, ज्याला कधीच काही दिसलं नाही असा,
चारू

वरचं त्यांचं, खालचं माझं.

ती. वन्संच्या चरणी सौ. मीनाक्षीचा नमस्कार. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. महिन्याची साखर वीस तारखेला संपली की मला रडू यायचं, म्हणून ते कुलूप. तुमच्याकडे कधीच कुणी येत नसे, तेव्हा मला वाटायचं, वन्संना माणसांची आवड नाही. मी शेजारणींना तसं सांगितलंही आहे. ते आज फार लागतंय. किल्ली माझ्या कमरेला होती आणि दोन हातांवर तुम्ही उभ्या होतात, तरी मला विचारावंसं वाटलं नाही. तो डबा अजून आहे. ओटा झाला की पाच नंबरच्या फडताळात ठेवायला तो यांच्याबरोबर पाठवीन. कुलूप पाठवणार नाही. मागचं पोटात घाला.

तुमची
मीनाक्षी

॥ श्री ॥

बेहाला, कलकत्ता
१० जुलै १९७४

चि. चारुदत्त आणि चि. सौ. मीनाक्षी यांस, कालिंदीचे अ. उ. आ.

एकाच गावातून पत्र पाठवते म्हणून हसाल. पण तोंडी सांगायचं नव्हतं.

रेल्वेच्या संपात माझा मे महिना गेला, आणि शेवटी गेल्या पंधरवड्यात तू मला हावड्याहून आणून इथे सोडलंस. सोडून गेलास ते आलेल्यात धरायचं नाही. त्या दिवशी ट्रंका होत्या, घाई होती, आणि फाटकाशी तू डोळे पुसत होतास. ऑपरेशनचा डोळा आहे, तो चोळू नकोस.

मी बरी आहे. गुडघे दुखतात, दिवे रोज जातात, प्रेमलताबाई भिंतीपलीकडे घोरतात. दुपारी खाटेच्या कडेवर मीही बसते, आणि श्यामकांतच्या मुलांची आठवण येत राहते. हे घर नाही, चारू, एवढ्यात कसं होईल? तुमची ती पाटीही अजून दारावर आहेच.

पण ओटा चांगला झालाय. माझ्या उंचीला दोन बोटं चढतो, चालेल. गेल्या रविवारी प्रेमलताबाईंनी लीनाला बोलावलं. दोन वेळा चहा केला, पहिला उकळून कडू झाला तो ओतून दिला. त्यांना ओतून देताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. रघुनाथराव दोन मित्रांना आत घेऊन आले आणि साखर उसनी मागायला माझ्याकडे आले. मीनाक्षीच्या डब्यातून दिली.

आता कामाचं. येत्या रविवारी, चौदा तारखेला, दुपारी चार वाजता तुम्ही दोघांनी माझ्याकडे चहाला यायचं आहे. मीनाक्षीनं जिना सावकाश उतरावा, हवं तर सकाळपासून उतरायला लागावं. टॅक्सी अगदी फाटकाच्या आत येते, पुढे पायरी नाही. फळं, बिस्किटं, साखर काही आणायचं नाही. हात हलवत या. चहा माझा, आणि सोबत तिखटमिठाचे शंकरपाळे आहेत, ते मी कालच तळून ठेवलेत.

इतरांच्या पत्रिकांच्या शेवटी एक ओळ जन्मभर वाचत आले. ती माझ्या हातानं लिहिण्यासाठी हे पत्र.

अगत्य येण्याचे करावे.

कालिंदी
खोली नंबर पाच