उशाशी लावलेली गेनारी

२२ मार्च, बुधवार

ठरलं म्हणे. सहा तारखेला ह्यांचं थडगं उघडायचं.

भाऊजी सकाळी आले, बूटही न काढता ओट्यावर टेकले आणि सांगून मोकळे झाले. "वहिनी, आजपासून अधिक महिना लागला. या महिन्यात वरच्यांचं खाली लक्ष नसतं. थडगं हलवलं तरी कुणाचा कोप नाही. सगळा देश दहनाच्या रांगेत उभाय, पण मी सहा तारखेची वेळ मिळवली! हाडं काढू, दहन करू, राख शहरातल्या अस्थिगृहात ठेवू. माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत हो. माझ्यामागं तिथलं गवत कोण कापणार? हेरान?"

हेरान माझी एकुलती एक मुलगी. तेजॉनला असते. ती कसली गवत कापतेय!

मी "बरं" म्हटलं आणि मुळा चिरत बसले. बोट कापलं.

२३ मार्च

या वहीत तरी खरं लिहू दे. चोवीस वर्षं लिहिलं नाही.

ह्यांच्या उशाशी जी गेनारीची पिवळी झुडपं माजली आहेत ना, ती मी लावली.

थडग्याशी झाड लावायचं नसतं हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुळं आत शिरतात, हाडांना वेढा घालतात आणि भोग येतात मागं राहिलेल्यांच्या वाट्याला. पायाच्या हाडात शिरली तर मुलांचे पाय धरतात. कवटीत शिरली तर डोकं. मला का ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! तरी लावली.

हे गेले तेही मार्चातच. चव्वेचाळीस वर्षांचे होते, यकृतानं नेलं. ह्यांना गेनारीचं भारी वेड. भर थंडीत कुंपणाच्या उघड्या काड्या तोडून आणायचे आणि सोजू दारूच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून घरातल्या, खालून तापवलेल्या जमिनीवर ठेवायचे. आठ-दहा दिवसांत पिवळीधमक फुलं. "बघ, वसंताला कसं उल्लू बनवलं!" दरवर्षी हेच वाक्य. आणि त्यांना पुरलं तिथं नुसती लाल माती. गवताची काडी नाही. मला बघवेना.

महिन्याभरानं कुंपणाच्या बारा काड्या कापल्या, पालेभाजीच्या टोपलीत खाली लपवल्या आणि उशाशी खोचून आले. बाराच्या बारा जगल्या. गेनारी उलटी खोचली तरी जगते.

चार वर्षांनी हेरानचं डोकं दुखायला लागलं. तेरा वर्षांची पोर. खिडकीवर पांघरूण टांगून अंधारात पडायची, उलट्या करायची. दवाखाने झाले, सुया टोचून झाल्या, काढे झाले. डॉक्टर म्हणायचे, काही सापडत नाही.

कसं सापडणार? ते डोंगरावर होतं.

२६ मार्च, रविवार

कुंपण फुललं. एकही पान नाही, नुसतं पिवळं. यंदा लवकरच.

सासूबाईंनी आज पेटीतून आपलं शेवटचं वस्त्र काढून दोरीवर टाकलं. असल्याच एका अधिक महिन्यात शिवून घेतलंय. या महिन्यात शिवलं की आयुष्य वाढतं म्हणे. वाढलंच! ब्याण्णव झाली. तोंडात दात नाही, पण जीभ शाबूत.

"हेरानच्या आई, कसर लागलीय का बघ ग."

"नाही लागली."

"नीट बघ. भोकं पडलेलं घालून गेले तर तुझा सासरा म्हणेल, सुनेनं लक्ष दिलं नाही."

"त्यांना सांगा, सुनेला म्हातारीपासून सवड मिळाली नाही."

खी खी हसल्या. आमचं असंच चालतं. लोकांना वाटतं, काय गोडी आहे सासू-सुनेची. पण मनातली एक गाठ सुटलेली नाही. लिहितेच.

ह्यांना पुरून आठवडा झाला नव्हता. घरात मी आणि नऊ वर्षांची हेरान. आणि ही बाई गाठोडं बांधून माहेरी निघून गेली. तीन दिवस! विचारलं तर म्हणे, "काम आहे." पोटचा पोर मातीत घालून माहेरी कसलं काम? आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही थडग्यावर गेल्या नाहीत. आईनं लेकाच्या थडग्यावर जायचं नसतं, लेक आधी गेला हाच त्याचा अपराध — रीत मलाही माहीत आहे. पण रीतभात एकीकडे. मी असते तर रांगत गेले असते.

दगड आहे, दगड! त्यांना आंघोळ घालते, भात मऊ करून भरवते, आणि मनात हे म्हणते. पाप लागत असेल तर लागो.

२९ मार्च

हेरानचा फोन. सुट्टी काढून येणार आहे. आवाज बसलेला. गेले दोन दिवस पुन्हा डोकं दुखत होतं.

"तू नको येऊस," म्हटलं.

"माझे बाबा आहेत आई ते."

कवटीत मुळी निघाली तर ती बघणार. मी तिथंच उभी असणार. काय तोंड दाखवू?

१ एप्रिल, शनिवार

कुदळ घेऊन गेले होते डोंगरावर. एकटी. म्हटलं, कुणी बघायच्या आत उपटून टाकते.

वेडी मी. चोवीस वर्षांचं खोड! भाऊजी दरवर्षी गवताबरोबर बुडापासून छाटायचे आणि ती दुपटीनं फुटायची; गेली दोन वर्षं त्यांच्या गुडघ्यांमुळं तेही राहिलं. तासभर खणलं, एक मुळी हातभर निघाली आणि पुढं सरळ खाली गेलेली. ह्यांच्याकडे. मग तिथंच बसून रडले. ह्यांच्या उशाशी पिवळं, पायाशीही पिवळं. टेकलेली फांदी रुजते, तशीच खालपर्यंत पसरली असणार.

एक मात्र नवल. फांद्यांना गेल्या सालच्या सुक्या बोंड्या होत्या, चोचीसारख्या उघडलेल्या. आमच्या कुंपणाला, अख्ख्या गावाच्या गेनारीला कधी बोंडी धरलेली मी पाहिली नाही. दोन-चार एप्रनच्या खिशात टाकल्या.

त्यावरून आठवलं. पहिल्या वर्षी भाऊजी घरी येऊन ओरडले होते, "थडग्यावर गेनारी लावली कुणी?" आणि सासूबाई चूल फुंकता फुंकता म्हणाल्या, "पाखरांनी टाकली असेल." पाखरांनी! गेनारी बी धरत नाही, कुणाचा तरी हात लागल्याशिवाय रुजत नाही, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं होय? तेव्हा वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. बरंच झालं म्हटलं.

आता वाटतं, मला सांभाळून घेतलं की काय त्यांनी?

५ एप्रिल

दिवसभर पाऊस. उद्याची बांधाबांध केली — सोजू, सुकी मासळी, सफरचंदं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जेवल्या नाहीत.

"उद्या येता का?" मुद्दामच विचारलं.

"आईनं जायचं नसतं," म्हणाल्या.

६ एप्रिल, गुरुवार

झालं.

भाऊजींनी सोजू ओतली. "दादा, घाबरू नकोस, घर बदलायचंय." खणणाऱ्यानं कुदळ तीनदा आपटून "थडगं उघडतोय!" अशी हाळी दिली. मग दीड तास नुसती माती. शवपेटी पार कुजलेली.

आणि मुळं. होतीच. तपकिरी, दोऱ्यासारखी बारीक. कवटीभोवती जाळं, आणि एक जाड मुळी डोळ्याच्या खाचेतून आत. पायाशीही तसंच, नडग्यांना वेढे.

खणणारा चुकचुकला. भाऊजी पांढरेफटक. "हे... हे कुणी..."

"मी लावली," मी म्हटलं. चोवीस वर्षांचं, एका दमात बाहेर आलं. "बारा काड्या. उशाशी. माहीत असून लावल्या. हेरान, तुझं डोकं मी दुखवलं ग!"

भाऊजी खाली मातीत बसले. मला वाटलं शिव्या घालतील. ते नुसते म्हणाले, "वहिनी, दरवर्षी मी छाटत होतो तेव्हा तुम्ही पाणी घेऊन शेजारी उभ्या असायच्या."

हेरान खड्ड्यात उतरली. खणणाऱ्याकडून हातमोजे मागून घेतले.

"आई, बाजूला हो. उजेड येऊ दे."

आणि एकेक मुळी हलक्या हातानं सोडवत बसली. लहानपणी तिच्या केसांतला गुंता मी काढायचे, तसं. कुणी घाई केली नाही. खड्डा रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून रीतीप्रमाणे माणसाच्या जागी भाजीचा एक मुळा टाकून माती लोटली. दुपारपर्यंत ह्यांची राख झाली. डबा अजून कोमट होता तेव्हा मी धरला.

८ एप्रिल

हेरान काल गेली. जाताना माझ्या खिशातली एक बोंडी उचलून नेली. ती काढ्याच्या दुकानात आहे, असल्या बोंड्या रोज खणांतून काढून तोलते.

आज सासूबाईंनी विचारलं. भात चावत चावत.

"काय निघालं?"

"मुळं."

"डोक्यात?"

"हो. मी लावली होती, उशाशी."

"माहिताय. आणि पायाशी?"

"पायाशीही होती."

चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "हेरानच्या डोक्याचं घेऊन बसलीस ना तू?"

मी मान हलवली.

"गाढव आहेस. माझ्या लेकाचं, दोक्सूचं, डोकं शाळेपासून दुखायचं. टॉवेल आवळून पडायचा. माझं अजून दुखतं. तेव्हा कुणाच्या मुळ्या होत्या ग?"

टॉवेल! पंधरा वर्षं संसार केला. ते टॉवेल बांधून पडले की मी आदळआपट करायचे — आली का स्वारी पुन्हा ढोसून! देवा रे. किती वेळा ओरडले असेन त्या माणसावर.

हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या टॉवेलानं रडवलं.

१० एप्रिल, सोमवार

हेरानचा फोन. डोकं ठीक. आवाजात हसू होतं.

"आई, त्या बोंडीत अजून दोन-तीन बिया होत्या. चांगल्या भरलेल्या. तू काड्या कुठल्या लावल्यास?"

"आपल्या कुंपणाच्या. बाराही."

"मग शक्य नाही. गेनारीच्या झुडपांच्या दोन तऱ्हा असतात. फुलात डोकावलं की कळतं, एकीची मधली काडी लांब, एकीची आखूड. दोन्ही जवळ असल्या तरच बोंडी धरते. आपल्या गावची सगळी एकाच झुडपाच्या काड्यांपासून वाढलेली. म्हणून गावात कधी काही धरत नाही. बाबांच्या थडग्यावर दुसऱ्या गावची कुणीतरी आणून लावलीय आई."

"पायाशी?" मी म्हटलं.

"ते मला काय माहीत? कोण गेलं होतं तिथं?"

कोण जाणार? भाऊजी कोयता घेऊन जायचे, मी पाणी घेऊन. दुसरं कुणीच नाही.

११ एप्रिल

सकाळी उरलेली बोंडी सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, हुंगली.

"धरली का," म्हणाल्या. "सहाच तर काड्या होत्या." आणि मग माझ्याकडे न बघता, "त्या आठवड्यात मी माहेरी काय उगीच गेले होते?"