आठवे अध्यक्ष शंतनु परचुरे यांना कॅनडात राहू देण्याबाबत

प्रति,
मा. स्थलांतर अधिकारी,
कायम रहिवास शाखा,
एडमंटन.

विषय : जावई श्री. शंतनु परचुरे हे परदेशी सरकारचे अध्यक्ष झाले असले तरी त्यांना येथेच राहू देणेबाबत.

संदर्भ : आपले 'कारणे दाखवा' पत्र, दि. ११ मार्च.

महोदय किंवा महोदया (संदर्भीय पत्रावर नाव नसल्याने दोन्ही लिहिले आहे),

प्रस्तुत अर्जदार सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला असून सध्या मुलगी माधवी व जावई यांच्याकडे पाहुणा आहे. अर्जदारास इंग्रजी येते. परंतु इंग्रजीत पाठवलेल्या तीन पत्रांना आपल्या संगणकाने एकच उत्तर तीनदा दिले. भाषांतर असले तर निदान एखादा माणूस ते वाचील, या आशेने हा अर्ज मराठीत लिहून प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे.

१. शंतनुराव पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. नऊ वर्षांपूर्वी ते एका देशात चौदा महिने पंप दुरुस्त करीत होते. देशाचे नाव येथे लिहीत नाही, कारण नावावरूनच तेथे भांडण आहे; ते फॉर्मच्या रकाना चारमध्ये पाहावे. पुढे तेथे यादवी माजली. कोणा एकाच्या हाती सत्ता जाणे कोणालाच पटेना, म्हणून सात जणांचे अध्यक्षीय मंडळ नेमले गेले. सातही जण अध्यक्ष. प्रत्येकाकडे देशाचा एक तुकडा, प्रत्येकाचे सैन्य वेगळे, आणि निर्णय मात्र एकमताने. आपल्या कार्यालयाने कायम रहिवासासाठी तेथील पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, आणि तेथे शिपायाच्या बदलीलाही सात सह्या लागतात.

२. दोन वर्षे फाइल हलली नाही. अर्जदार नोव्हेंबरात येथे आला. बाहेर उणे तीस, घरात करण्यासारखे काम काही नाही, म्हणून त्याने प्रकरण हाती घेतले. शंतनुराव भिडस्त, "बाबा, इट्स ओके, मी परत फॉलो-अप करतो," म्हणून ते विंटर टायर्स बदलायला निघून गेले. अर्जदाराने मंडळातील वयाने ज्येष्ठ अध्यक्षांच्या नावे अर्ज केला आणि खाली, रीतीप्रमाणे, उरलेल्या सहा जणांना 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशा हजारो प्रती अर्जदाराच्या हातून गेल्या असतील. माहितीस्तव आलेली प्रत कोणी वाचत नसते, ती फाइलला लावतात. माधवी म्हणाली होती, "बाबा, एवढ्या सगळ्यांना सीसी नका करू हो, लोक ऑफेंड होतात." अर्जदाराने ऐकले नाही.

३. सहाही जणांनी ती वाचली. तिसऱ्यांनी विचारले, आपले नाव दुसऱ्यांच्या खाली का. ज्यांचे नाव शेवटी होते त्यांच्या ताब्यात उत्तरेचे बंदर आहे. त्यांनी टीव्हीवर निषेध केला. खरे अध्यक्ष आपणच, हे दाखवण्याची चढाओढ लागून पाच आठवड्यांत सात दाखले आले. प्रत्येकात लिहिले आहे की शंतनु परचुरे हे निष्कलंक असून, हे सांगण्याचा अधिकार उरलेल्या सहा जणांना नाही.

४. सातही दाखले आपल्याकडे पाठवले. 'सक्षम प्राधिकाऱ्याचा एकच दाखला पाठवावा' असे उत्तर आले. सातांपैकी कोणता, ते लिहिले नव्हते. अर्जदाराचे डोके फिरले आणि त्याने मंडळालाच स्मरणपत्र धाडले, की सक्षम कोण हे आपसात ठरवून कळवावे. अकरा महिने न झालेली मंडळाची बैठक या एका विषयासाठी भरली. सक्षम कोण ते ठरले नाहीच. पण ज्याच्याविरुद्ध सातांपैकी एकाचीही तक्रार नाही असा माणूस मंडळाला आजवर हा एकच सापडला होता, म्हणून शंतनुरावांना आठवे अध्यक्ष नेमण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. खाते, पाणीपुरवठा. शंतनुरावांना कोणी विचारले नव्हते. त्यांना ही बातमी एलआरटीत, म्हणजे येथल्या लोकल गाडीत, फोनवर कळली, आणि त्या नादात ते दोन स्टेशने पुढे गेले.

५. राजीनामा त्यांनी त्याच दिवशी पाठवला. तो मंजूर व्हायलाही एकमत लागते, आणि सातही जण नामंजुरीवर ठाम आहेत. दरम्यान सगळ्या बाजूंचे पंपवाले त्यांना फोन करून विचारतात, कोणता व्हॉल्व्ह उघडू. शंतनुराव बेसमेंटमध्ये बसून सांगतात. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. गेल्या महिन्यात तेथील दोन शहरांच्या नळांना तीन वर्षांनी पाणी आले असे समजते. यालाच आपल्या पत्रात 'युद्धग्रस्त राजवटीतील वरिष्ठ पद' म्हटले असून, तीस दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास शंतनुराव व माधवी या दोघांना कॅनडा सोडावा लागेल असे कळवले आहे.

६. खुलासा असा, की यात शंतनुरावांचा काडीचाही दोष नाही. सगळा घोळ अर्जदाराने घातला. आपले पत्र आल्यापासून जावयांनी एका शब्दाने बोल लावलेला नाही. उलट अर्जदार सकाळी उठण्याआधी ते ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून ठेवतात, म्हातारा घसरून पडेल म्हणून. याची अर्जदाराला फार लाज वाटते.

७. मेच्या मध्यावर माधवीला बाळ होणार आहे. ते पाहायला मिळावे म्हणून मुक्कामाची मुदत वाढवून मागणारा अर्जदाराचा अर्ज आपल्याच कार्यालयात पडून आहे. अर्जदाराने जन्म टेबलामागे काढला. महिन्याच्या अहवालात काही प्रकरणे मंजूर आणि काही नामंजूर दाखवावी लागतात, हे त्याला कळते. या घरातून एक नामंजूर दाखवायचेच असेल तर ते अर्जदाराचे दाखवावे, आणि मुलांना राहू द्यावे. माधवीला या शेवटच्या मागणीतले काही माहीत नाही. तिला कळवू नये, ही वेगळी विनंती.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
बळवंत केशव कारखानीस
एडमंटन, दि. २ एप्रिल

सोबत :
१) चारित्र्याचे दाखले, सात, परस्परांना रद्द करणारे.
२) आठव्या अध्यक्षांचा नामंजूर राजीनामा.
३) या अर्जाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर.
४) अर्जदाराच्या एडमंटन ते मुंबई तिकिटाची प्रत, प्रवासाची तारीख २९ एप्रिल.