न घेतलेल्या गोळ्या

शनिवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार लांबूनच घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे कामाचा ढीग पडलाय. टेबलावर सात कवळ्या आहेत. त्यांतली एक निवृत्त शिक्षकांची, तिसऱ्यांदा परत आलीय. म्हणतात, "बाई, 'स' म्हणताना शिट्टी वाजते."

बघ, कामाचंच बोलत बसले.

दादा, आधीच्या डॉक्टरांनी माझ्या उदासीवर लिहून दिलेल्या, तू तुझ्या औषधांच्या दुकानातून पाठवलेल्या गोळ्या मी चार दिवस घेतल्या आणि बंद केल्या. तीन महिने तू फोनवर विचारायचास, "घेतेस ना?" मी बिनदिक्कत "हो" म्हणायचे.

जानेवारीत एका सकाळी मेणात दात बसवायला घेतले आणि चिमट्यात एकही दात धरता येईना. छाती धडधडत होती. पाऊण तास तशीच बसून राहिले. शेवटी लॅबच्या मालकीणबाईंनी गाडी काढली आणि मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. या डॉक्टरीणबाईंना मी खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "का बंद केल्या?" एवढंच विचारलं.

"झापड येते, हात जड होतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझ्या तोंडून निघालं, "आमची आई."

आपण शाळेतून यायचो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची, आठवतं? डॉक्टर बोलायचे बाबांशी, गोळ्या आणायचे बाबा, ती नुसती गिळायची. तिला काय हवंय ते कुणी विचारलंच नाही. तू म्हणतोस, गोळ्यांमुळेच ती तगली. असेलही. पण पाकीट हातात घेतलं की मला ती भिंत दिसायची.

बाई म्हणाल्या, "गोळ्यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं, बोलण्याच्या उपचारानंही वाटतं. तुमच्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखं आहे. तुम्हाला काय हवंय?"

"तुम्हीच सांगा ना."

"मला माहीत आहे ते सगळं सांगते. ठरवू दोघी मिळून. नाही जमलं तर बदलू. फक्त मला न सांगता काही सोडायचं नाही."

मी बोलणं निवडलं. दर गुरुवारी, एका समुपदेशक बाईंकडे. पहिले दोन गुरुवार नुसती रडले, त्यांचा टिश्यूचा खोका रिकामा केला. तिसऱ्या गुरुवारी आईबद्दल बोलले. मग हळूहळू धडधड कमी झाली, पण उदास सकाळी काही हटेनात. सहाव्या आठवड्यात मीच डॉक्टरांना म्हटलं, "गोळीचं पुन्हा बघूया का? झापड न आणणारी असेल तर?"

हस, पोटभर हस. आता रोज एक घेते. पण ही मी मागून घेतलेली आहे रे. ही गिळताना भिंत दिसत नाही. परवा अंघोळ करताना गुणगुणत होते, माझ्या लक्षातही आलं नाही. शेजारणीनं सांगितलं.

आता तुझं. वहिनी म्हणाली, तू दुपारी शटर अर्धं ओढून आत एकटाच बसतोस, आणि फळीवरची गोळी स्वतःच काढून घेतोस. गावभर सल्ला देणारा माणूस तू, तुला कोण विचारणार? मी काही शिकवत नाही. गोळी घे, नको घेऊ, बोल, नको बोलू. पण एकदा तरी काउंटरच्या अलीकडे, पेशंटच्या खुर्चीत बस. मी येत्या शुक्रवारी येतेय. तुझ्या पसंतीचा डॉक्टर शोधू, दाराबाहेर मी बसते.

या वेळी खरं बोलून मोकळी झालेली,
तुझी धाकटी